चार माणसांचा एक वीर

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत, २०१४ साली आलेल्या राक्षसकोशात, ड्रॅगन, दैत्य आणि भुताखेतांची पानं संपल्यावर शेवटी एक साधा माणूस दिला आहे. तो शेतकरी असेल, नोकर असेल, मजूर किंवा यात्रेकरू असेल. त्याचे हिट पॉइंट चार. खाली कोसळण्याआधी माणूस किती मार सोसू शकतो, त्याचा आकडा म्हणजे हिट पॉइंट. लांब तलवारीचा घाव आठ बाजूंच्या फाशाने मोजतात, त्यामुळे हा माणूस बहुधा एकाच घावात आडवा होतो. याच नियमांनी घडवलेल्या पहिल्या लेव्हलच्या लढवय्याकडे बाराच्या आसपास हिट पॉइंट असतात आणि विसाव्या लेव्हलला, प्रकृती उत्तम असेल तर, साधारण २२४. उंचावरून पडण्याचाही नियम आहे: दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा, जास्तीत जास्त वीस फासे. वीसही फाशांवर सहाच पडले तरी बेरीज १२०. विसाव्या लेव्हलचा लढवय्या आभाळातून पडला तरी उठतो आणि चालू लागतो. शेतकरी मात्र वीस फुटांवरून पडला तर बहुतेक वेळा उठत नाही.

फँटसी रोल-प्लेइंग गेममधला वीर किती बलवान असतो, या प्रश्नाला लोक सहसा त्याच्या तलवारीकडे, मंत्रांकडे, त्याने मारलेल्या ड्रॅगनकडे बोट दाखवून उत्तर देतात. मला ते उत्तर अपुरं वाटतं. वीराची उंची कळते ती त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या चार हिट पॉइंटच्या माणसामुळे. तो माणूस खेळात कुठे आहे, वीराला त्याची गरज पडते का, तो वीराला अडवू शकतो का, आणि खेळ पुढे सरकतो तसा तो दिसायचा कधी थांबतो, हे या पुस्तकात मी शोधलं आहे. पन्नास वर्षांत वीर वाढत गेला, हे सर्वांना ठाऊक आहे. साधा माणूस कसा पुसट होत गेला, याकडे फारसं कोणी पाहिलेलं नाही.

ज्यांनी हे खेळ खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण डंजन मास्टर होऊन जग, त्यातली माणसं आणि संकटं सांभाळतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकतात. पात्र अनुभव मिळवतं, त्या अनुभवाचे गुण साठले की लेव्हल वाढते, आणि लेव्हलबरोबर बळ.

या बळाचा उगम युद्धखेळांत आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावात गॅरी गायगॅक्स आणि त्यांचे मित्र मध्ययुगीन लढाया खेळत. शिशाचे इवलेसे सैनिक, तळघरात वाळू पसरलेलं टेबल, आणि कोण किती इंच सरकला यावरून होणारे वाद. १९७१ साली गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ हे नियमपुस्तक छापलं. त्यातल्या मोठ्या लढायांत एक बाहुली म्हणजे वीस माणसं. पुस्तकाच्या शेवटी एक पुरवणी जोडली होती: ड्रॅगन, जादूगार, बुटके, आणि त्यांच्या जोडीला ‘हीरो’. हीरो म्हणजे कोण? नियमाचं उत्तर सरळ आहे. चार माणसांइतकं लढतो तो हीरो. चार माणसांना मारायला जितके घाव लागतात तितके एकाच फेरीत बसले तरच तो पडतो. त्याच्या वर सुपरहीरो, त्याच्या दुप्पट. सुपरहीरो चालून येताना दिसला की समोरच्या फौजेला आपलं धैर्य टिकतं का याची परीक्षा द्यावी लागे, जणू तिची बरीच माणसं आधीच कापली गेली आहेत.

हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. शौर्याचं पहिलं माप माणूस होतं. शेर-पायलीने धान्य मोजावं तसा वीर माणसांनी मोजला गेला. चार माणसांचा एक, आठ माणसांचा एक. माप हाताशी होतं तोवर वीर कितीही मोठा झाला तरी किती मोठा, हे सांगता येत होतं.

दुसरा धागा मिनिॲपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांतला. तिथे डेव्ह आर्नेसन यांनी ‘ब्लॅकमूर’ नावाचं काल्पनिक संस्थान उभं केलं होतं. त्यात प्रत्येक खेळाडूकडे सैन्य नव्हे, एकच माणूस. आणि त्या माणसाने किल्ल्याखालच्या भुयारांत उतरायचं. अडचण लवकरच कळली. युद्धखेळात एक घाव बसला की बाहुली उचलून बाजूला ठेवतात, कारण मागे आणखी पन्नास असतात. इथे मागे कोणीच नव्हतं. ज्याला नाव दिलं, ज्याच्याशी खेळाडूचं नातं जडलं, तो एका फाशात जाई आणि टेबलावर नाराजी पसरे. आर्नेसन यांनी आपल्या जुन्या नियमांतून तोड काढली. अमेरिकन यादवी युद्धातल्या लोखंडी चिलखती जहाजांच्या लढायांसाठी त्यांनी नियम केले होते, आणि त्यात जहाज एका गोळ्याने बुडत नसे, मार सोसत राही. तो हिशोब त्यांनी माणसाला लावला. आज जगभर कोट्यवधी लोक स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल पट्टी कमी होताना पाहतात, तिची सुरुवात अशी जहाजाच्या पत्र्यावर झाली. माणसाचं शरीर असा मार सोसत नाही हे आर्नेसन यांना ठाऊक होतं. पण पात्रावर जीव लावलेल्या खेळाडूला आणखी एक संधी मिळावी, हे त्यांना जास्त मोलाचं वाटलं.

१९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांचं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाहेर पडलं. एका खोक्यात तीन लहान पुस्तिका, पहिली छपाई एक हजार प्रतींची. त्यातला लढवय्या पहिल्या लेव्हलला नुसताच ‘व्हेटरन’. चौथ्या लेव्हलला तो ‘हीरो’ होतो, आठव्याला ‘सुपरहीरो’. त्याचे हिट पॉइंट ठरवायला चौथ्या लेव्हलला चार फासे, आठव्याला आठ आणि वर दोन. ‘चेनमेल’मधलं माप तसंच्या तसं इथे आलं आहे. आणि चौथी लेव्हल काही फुकट मिळत नसे. अनुभवाचे ८,००० गुण लागत, आठवीसाठी १,२०,०००. पहिल्या लेव्हलचा लढवय्या एक फासा अधिक एक इतका जीव घेऊन भुयारात शिरे, आणि सगळ्या शस्त्रांचा घावही एका फाशाचाच होता. बहुतेकांचा पहिला उंदीर, पहिला गॉब्लिन हाच शेवटचा ठरण्याची भीती खरी होती.

आज जे लोक रोल-प्लेइंग गेमला अतिमानुष शक्तीचं स्वप्नरंजन म्हणतात, त्यांनी या तीन पुस्तिका जरूर वाचाव्यात. त्यांत साधा माणूस जागोजागी भेटतो. भुयारात जाताना मशालवाले, ओझी वाहणारे, भाडोत्री शिपाई बरोबर घ्यावे लागत. ते किती निष्ठावान राहतील हे त्यांना मिळालेल्या वागणुकीवर आणि पगारावर ठरे. अनुभवाचे बरेचसे गुण मारामारीतून नव्हे तर बाहेर आणलेल्या सोन्यातून मिळत, म्हणून शहाणा खेळाडू लढाई टाळे. नवव्या लेव्हलला लढवय्या ‘लॉर्ड’ झाला की त्याने किल्ला बांधावा, मुलूख वसवावा, रयतेकडून कर घ्यावा, आणि रस्ते, सराया, शेती, मासेमारी यांत पैसा घालावा अशी सोय नियमांत होती. बळ वाढलं की जबाबदारीचं क्षेत्र वाढे. वीराची पुढची पायरी कारभार ही होती.

त्याच पुस्तिकांत एक छोटा नियम आहे. माझ्या मते पन्नास वर्षांत फँटसी खेळांत जे काही छापलं गेलं, त्यातल्या सर्वांत शहाण्या गोष्टींपैकी तो एक. संतापलेल्या गावकऱ्यांचा नियम. एखाद्या पात्राने अक्षम्य असं काही केलं तर रेफरीने, म्हणजे डंजन मास्टरने, गावकरी, पहारेकरी, शहरातले चोरसुद्धा त्याच्यावर सोडावेत आणि त्याला वठणीवर आणावं, एवढंच तो सांगतो. त्यात ना तक्ता, ना आकडे. पण त्यामागचा विचार पक्का आहे: एक माणूस चार माणसांचा असेल, गाव चारशे माणसांचं आहे. पुढच्या आवृत्त्यांची पुस्तकं शेकडो पानांची झाली. हा परिच्छेद मात्र त्यांच्या गर्दीत मागे पडला.

वीराला फुगवायला कोणी एक माणूस कारणीभूत नाही. खेळाडूला वाढ हवी असते, प्रकाशकाला पुढचं पुस्तक विकायचं असतं, आणि डंजन मास्टरला मित्रांना खूश करायचं असतं. १९७६ साली ‘गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज’ ही पुरवणी निघाली. जगभरच्या पुराणांतले देव आकड्यांसह मांडणारं हे पुस्तक. त्याच्या प्रस्तावनेत संपादक टिम कास्क यांनी कळकळीने लिहिलं की चाळीस लेव्हलच्या वरची पात्रं घेऊन फिरणाऱ्यांना आता तरी भान यावं; खुद्द ओडिनकडे तीनशे हिट पॉइंट असतील तर चव्वेचाळिसाव्या लेव्हलच्या लॉर्डला कोण गांभीर्याने घेणार? हेतू चांगला होता, परिणाम उलटा झाला. देवाला आकडा मिळाला की तो मारता येतो. अनेक टेबलांवर ते पुस्तक शिकारीची यादी म्हणून वापरलं गेलं. १९८० सालच्या ‘डेइटीज अँड डेमीगॉड्स’मध्ये भारतीय देवतांचंही प्रकरण आहे. इंद्र, अग्नी, वरुण, विष्णू, यम यांचे हिट पॉइंट तिथे छापलेले आहेत. आपल्याकडच्या वाचकाला ते पान पाहून धक्का बसतो. त्यातला अपमानाचा भाग मी बाजूला ठेवतो. मला खटकतो तो त्या पानाने करून दिलेला समज, की यमाला गाठायचा मार्ग म्हणजे पुरेसे फासे.

१९७७च्या मार्चमध्ये ‘द ड्रॅगन’ मासिकात बिल सेलिगमन यांचा एक लेख आला. शीर्षकातच निष्कर्ष होता: गॅन्डाल्फ हा पाचव्या लेव्हलचाच जादूगार. टॉल्किनच्या कथेत गॅन्डाल्फ प्रत्यक्ष कोणती जादू करून दाखवतो हे एकेक तपासून त्यांनी ते ठरवलं होतं. टॉल्किनप्रेमी रागावले, पण लेखातलं निरीक्षण आजही टिकतं. ज्या कथांमधून हा खेळ जन्मला, रॉबर्ट हॉवर्डचा कोनान, फ्रिट्झ लायबरचे फाफर्ड आणि ग्रे माउझर, टॉल्किनची मंडळी, त्यांतले वीर खेळाच्या मापाने लहान भरतात. कोनान जखमी होतो, पकडला जातो, पळ काढतो. खेळाने आपल्या पूर्वजांना केव्हाच मागे टाकलं होतं.

गायगॅक्स यांना हा पेच कळत होता. १९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये त्यांनी खुलासा केला. दहाव्या लेव्हलच्या उत्तम प्रकृतीच्या लढवय्याकडे सरासरी ९५ हिट पॉइंट असतील, पण त्याच्या शरीरात इतकं रक्तमांस आहे असं समजू नये. जो घाव नवशिक्याच्या काळजातून आरपार जाईल, तो याला नुसता ओरखडा काढून जातो; फरक कौशल्याचा, नशिबाचा, दैवी कृपेचा आणि सहाव्या इंद्रियाचा. खुलासा हुशार आहे आणि ‘मी बराच काळ तो मानत होतो’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला तो कधीच पुरा पटला नाही. कड्यावरून पडणाऱ्याला कोणतं तलवारीचं कौशल्य वाचवतं? विषारी बाण ओरखडाच काढून गेला तर विष अंगात कसं भिनतं? नियम शरीराची भाषा बोलतात आणि खुलासा नशिबाची. या दोहोंमधल्या फटीतच आधुनिक फँटसी वीर उभा आहे: रक्तबंबाळ, पण कुठेही न दुखणारा.

इथे मराठी वाचकाच्या मनात महाभारत येणारच, आणि यायला हवं. उद्योगपर्वात युद्धापूर्वी भीष्म दुर्योधनासमोर दोन्ही बाजूंच्या योद्ध्यांची मोजदाद करतात: हा रथी, हा अतिरथी. कर्णाला ते अर्धरथी म्हणतात आणि तो भडकून भीष्म पडेपर्यंत शस्त्र धरणार नाही असं सांगतो. लेव्हलवरून भांडणारा हा माणूस कुठल्याही टेबलावर ओळखीचा वाटेल. पण साम्य इथवरच. महाभारतातलं बळ जमाखर्चाच्या वहीत राहतं. कर्णाकडे इंद्राने दिलेली शक्ती आहे, पण ती एकदाच वापरता येते, आणि घटोत्कचावर ती खर्च झाल्यावर अर्जुनासाठी उरत नाही. ब्रह्मास्त्र आहे, पण परशुरामाचा शाप आहे की ऐन वेळी त्याचा मंत्र आठवणार नाही. आणि रथाचं चाक जमिनीत रुततं ते कोणा देवामुळे नाही. चुकून एका ब्राह्मणाची गाय कर्णाकडून मारली गेली होती. ज्याची गाय गेली त्या साध्या माणसाच्या शापाने अंगराजाचा रथ अडवला.

पाचव्या आवृत्तीच्या कोणत्याही कॅरेक्टर शीटवर या गायीसाठी चौकट नाही. वीराने काय मिळवलं याला जागा आहे: सोनं, शस्त्रं, मंत्र, गुण. त्याच्यामुळे कोणाचं काय गेलं, याला नाही. महाभारतातही साधा सैनिक मोठ्या संख्येने आणि निनावी मरतो, हे मी विसरत नाही. एका अक्षौहिणीत पायदळच १,०९,३५० आणि अशा अठरा अक्षौहिणी. त्यांच्यापैकी किती जणांची नावं आपल्याला ठाऊक आहेत? पण तिथे युद्ध संपल्यावर स्त्रीपर्व येतं. रणांगणावर पडलेल्यांना शोधत स्त्रिया फिरतात, आणि जिंकलेल्यांना ते पाहावं लागतं. फँटसी खेळात लढाईनंतर येतो तो मृतांच्या खिशांचा झाडा.

सगळे खेळ याच वाटेने गेले असंही नाही. १९७८ साली ‘रूनक्वेस्ट’ आला. स्टीव्ह पेरिन आणि सहकाऱ्यांचे नियम, ग्रेग स्टॅफर्ड यांचं ग्लोरान्था हे जग. त्यात लेव्हल नाहीतच. कौशल्यं टक्क्यांनी वाढतात, पण शरीर शरीरच राहतं; हात, पाय, पोट, डोकं प्रत्येकाचे वेगळे आकडे, आणि कसलेला योद्धाही एखाद्या किरकोळ शत्रूच्या नशीबवान भाल्याने कायमचा लंगडा होऊ शकतो. अशा खेळात तलवार उपसण्याआधी माणूस बोलून पाहतो. १९८६ सालचा ब्रिटिश ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’ त्याहून मला जवळचा. तिथे वीराचा प्रवास एखाद्या धंद्यापासून सुरू होतो, आणि तो धंदा उंदीर पकडण्याचाही असू शकतो. सामानात एक लहान पण खुनशी कुत्रा मिळतो. चिखल, रोगराई, गिल्ड, खंडणी, न्यायाधीश यांनी भरलेल्या त्या साम्राज्यात वीर आणि साधा माणूस एकाच गल्लीत राहतात. ‘कॉल ऑफ क्थुलू’मध्ये तर अनुभवाबरोबर मनाचा तोल जात राहतो, पण तो भयकथेचा प्रांत आहे आणि त्याच्यावर मी स्वतंत्रपणे लिहिलेलं नाही.

मुख्य प्रवाह मात्र चढतच गेला. फ्रँक मेंटझर यांनी १९८३ पासून सिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाच खोक्यांच्या मालिकेत पात्र छत्तिसाव्या लेव्हलपर्यंत जातं, आणि १९८६च्या शेवटच्या खोक्यात थेट अमर होतं. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत लढवय्याच्या वाढीतून किल्ला आणि मुलूख गळाले. नवव्या लेव्हलला आता रयत येत नाही. २००८च्या चौथ्या आवृत्तीने ‘मिनियन’ आणले, एकच हिट पॉइंट असलेले, घोळक्याने पडण्यासाठीच उभे केलेले शत्रू. खेळ म्हणून ती युक्ती चोख आहे, लढाईला वेग येतो. पण मापाचा विचार केला तर १९७१ साली वीराला तोलणारा माणूस २००८ साली त्याच्या पायाखाली आलेला दिसतो.

कॉम्प्युटरने हे सगळं आणखी दूर नेलं. १९८६च्या जपानी ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये नायक सुरुवातीला इवल्या स्लाइमशी झुंजतो आणि तासन्‌तास तेच करून बळ कमावतो; तिथे अजून कष्टाचा वास आहे. १९९७च्या ‘फायनल फँटसी सेव्हन’मध्ये एका घावाचा आकडा ९,९९९ पर्यंत पोचतो, आणि शेजारच्या झोपडपट्टीतल्या माणसाशी त्याचा काही संबंध लावता येत नाही. सर्वांत बोधक उदाहरण २००६च्या ‘ऑब्लिव्हियन’चं. खेळाडू वाढेल तसं जगही त्याच्याबरोबर वाढावं, म्हणजे आव्हान कमी होणार नाही, असा त्यामागचा विचार. परिणाम असा की पुढे पुढे रस्त्यावरचे दरोडेखोर राजाच्या खजिन्यात शोभतील अशी चिलखतं घालून प्रवाशांकडे किरकोळ पैसे मागू लागले. सगळेच वाढले की कोणीच वाढलेलं राहत नाही. वीराला आपलं बळ जाणवायला कालचा तोच दरोडेखोर आजही तसाच भेटावा लागतो. पुढच्या ‘स्कायरिम’मध्ये हे बरंच सावरलं गेलं, आणि तिथे जुन्या वाटेवरून परत जाताना जे वाटतं ते या प्रकारच्या खेळातलं सर्वांत निखळ सुख आहे.

त्या सुखाबद्दल मला कसलाही संकोच नाही. बळाचं स्वप्न पोरकट असतं, असं सुशिक्षित घरांत फार सहज बोललं जातं. दिवसभर शाळेत, कचेरीत, लोकलच्या गर्दीत ज्याचं कोणी ऐकत नाही, त्याने संध्याकाळी चार मित्रांत बसून ‘मी दार तोडतो’ म्हणावं आणि दार तुटावं, यात माणसाची एक खरी भूक भागते: आपण काही केलं तर जगात काही बदलतं, हे अनुभवण्याची. पुण्या-मुंबईत आता इंग्रजी नियमपुस्तक मधे ठेवून मराठीत खेळणारी टेबलं आहेत. तिथे बुजरी मुलं तिसऱ्या-चौथ्या बैठकीला राजाशी वाद घालताना दिसतात. ही ताकद खरी आहे आणि ती टेबलावरून उठल्यावरही थोडी अंगात राहते. म्हणून तर वीराला लहान करा, असं मी म्हणत नाही. त्याच्यासमोर कोणीतरी उभं असू द्या, एवढंच मागतो.

ज्या खेळांनी हे केलं, त्यांनी वीराचं बळ तसूभरही कमी केलं नाही. १९९९च्या ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’चा नायक मरतच नाही. मरतो, शवागाराच्या दगडी टेबलावर पुन्हा जागा होतो. याहून मोठं बळ कोणतं? खेळ पुढे जातो तसं कळतं की त्याचं प्रत्येक मरण दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला जात आलं आहे, आणि त्या माणसांच्या सावल्या त्याच्या मागावर आहेत. कर्णाची गाय इथे सापडते. टोबी फॉक्स यांच्या २०१५च्या ‘अंडरटेल’मध्ये कोणालाही न मारता शेवट गाठता येतो, आणि जो मारत सुटतो त्याला शेवटी हिशोब ऐकावा लागतो: तुझी वाढलेली लेव्हल म्हणजे दुसऱ्याला इजा करणं तुला किती सोपं झालं त्याचं माप. २०१२च्या ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’ने टेबलावरच उपाय केला. सुरुवातीला प्रत्येक खेळाडूच्या हाती तीन-चार साधी माणसं येतात: मधमाश्या पाळणारा, चीज करणारी, मैला उपसणारा. प्रत्येकाचा जीव चार बाजूंच्या एका फाशाइतका. पहिल्या भुयारात त्यांतली बहुतेक मरतात. जो वाचतो तो पहिल्या लेव्हलला पोचतो, आणि पुढे कितीही मोठा झाला तरी आपण कोणात होतो आणि कोणाच्या जिवावर वाचलो, हे खेळाडूला आठवत राहतं. २०२०चा ‘राजी’ हा पुण्यात घडलेला खेळ. रोल-प्लेइंग गेम नव्हे, साहसखेळ. पण त्यातही फिरस्त्या सर्कशीतली पोर दुर्गेच्या कृपेने असुरांशी लढते, आणि हरवलेल्या धाकट्या भावाचा शोध तिच्या बळाला सतत जमिनीवर ठेवतो.

आता पुस्तकाच्या मांडणीबद्दल. पहिला भाग १९७१ ते १९७९ या काळाचा आहे आणि तो सर्वांत मोठा आहे, कारण नंतरच्या बहुतेक प्रश्नांची बीजं तिथे आहेत. दुसऱ्या भागात ‘रूनक्वेस्ट’, ‘वॉरहॅमर’ आणि त्यांच्या गोत्रातले खेळ, तिसऱ्यात कॉम्प्युटर. महाभारतावर वेगळं प्रकरण केलेलं नाही. ते मधे मधे येतं, कारण माझ्या विचारांत ते तसंच येतं. हिट पॉइंट, लेव्हल, डंजन मास्टर हे शब्द मी तसेच ठेवले आहेत; मराठी टेबलांवर तेच बोलले जातात. ज्यांनी कधी फासा टाकलेला नाही त्यांनी संतापलेल्या गावकऱ्यांच्या नियमावरचं प्रकरण आधी वाचायला हरकत नाही. जे स्वतः खेळ चालवतात, त्यांच्यासाठी त्याच प्रकरणाच्या शेवटी मी तो नियम आजच्या आवृत्तीला लावून दाखवला आहे: चाळीस घरांचं एक गाव, त्यातली माणसं, त्यांचे धंदे, कोणाचं कोणाशी बरं आहे आणि कोणाचं कोणाकडे येणं आहे, आणि विसाव्या लेव्हलच्या वीराने त्यांच्यापैकी एकाची गाय मारली तर पुढच्या सात दिवसांत ते काय काय करू शकतात.